आठ लाख एक रुपया: फी-सवलत नाकारली जाते तेव्हा नेमकं काय होतं?

इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाच्या फेऱ्या आटपल्या की माझा फोन वाजायला लागतो. कधीकाळी एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे काही वर्षं काढली, त्याची ही शिक्षा. बोलणंही ठरलेलं. "अहो, आमच्या पोराचा अर्ज नामंजूर झाला. आमची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे ना?" असते माहीत. घराचा हप्ता, आजीचं डायलिसिस, धाकटीची दहावी. पण अर्जात परिस्थिती लिहायला रकानाच नाही, हे सांगायला जीभ रेटत नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण भरण्याचा निर्णय काढला, तेव्हापासून तर फोन जास्तच. "आता सगळ्या मुलींना फुकट ना?" नाही हो, सगळ्या नाहीत. कोणाला, का आणि कुठे अडतं, हे एकदा नीट मांडतो.

मुळात सरकार देतं काय?

आधी एक शब्द समजून घेऊ, कारण तो सगळ्या शासन निर्णयांत असतो: प्रतिपूर्ती. म्हणजे तुमची फी सरकारने तुमच्या वतीने नंतर चुकती करणं. बक्षीस नाही, हातखर्चही नाही.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुनी मंडळी तिला अजून 'ईबीसी'च म्हणतात. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ व्हायची, तेव्हाचं ते नाव. आजच्या योजनेत आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्मं सरकार भरतं. ओबीसी मुलांनाही निम्मं, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना आता निम्म्याऐवजी पूर्ण. अनुसूचित जातींचं गणित वेगळं आहे: केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत, आणि त्यावर उत्पन्न असेल तर राज्याची फ्रीशिप. फ्रीशिपमध्ये फी सुटते, निर्वाह भत्ता मात्र मिळत नाही. अडीच लाख म्हणजे महिन्याला वीस हजार आठशे. सोसायटीचा वॉचमन आणि त्याची धुणीभांडी करणारी बायको मिळून ही रेषा सहज ओलांडतात.

आणि 'शिक्षण शुल्क' म्हणजे कॉलेजच्या पावतीवरची शेवटची बेरीज नव्हे, पावतीतली फक्त एक ओळ. वसतिगृह, मेस, बस, अनामत हे सगळं त्या ओळीबाहेर. "पूर्ण माफी" ऐकून आलेला बाप पावती हातात घेऊन खिडकीशी भांडतो, ते बहुतेक या ओळीवरून.

कंडक्टर भूक विचारत नाही

एसटीत बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. तुमचं पोर अंगाने बारीक आहे, आईच्या मांडीवर बसलंय, याने फरक पडत नाही. मुलाला बारा झाली की पूर्ण. कंडक्टरला वय तेवढं बघायचं असतं.

शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा तशीच आहे. ती तुमची गरज मोजत नाही, एक आकडा बघते. आकडा रेषेच्या आत असला तर सवलत मिळते, बाहेर असला तर शून्य. मधलं काही नाही.

हिशोब करून बघू. समजा एका कॉलेजचं शिक्षण शुल्क १,२०,००० रुपये. एका घराचं उत्पन्न ७,९५,०००, त्यांच्या मुलाला निम्मं म्हणजे ६०,००० मिळतात. शेजारच्या घराचं उत्पन्न ८,१०,०००, त्यांना काहीच नाही. दुसऱ्या घराने वर्षाला पंधरा हजार जास्त कमावले आणि साठ हजार गमावले. मुलगी असेल तर एक लाख वीस हजार. फी भरून हातात उरलेल्या पैशात 'श्रीमंत' घर 'गरीब' घराच्या मागे गेलं.

असं करायलाच हवं असं नाही. आयआयटीत घराचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश माफ. तिथे निदान एक मधली पायरी आहे. आपल्याकडे जिना नाही, गच्चीवरून थेट अंगण.

शिवाय रेषा जागची हलत नाही. २०१६ पर्यंत ती एक लाखावर होती, मग सहा लाखांपर्यंत नेली, २०१८ मध्ये आठ लाख झाली आणि तिथेच थांबली. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर सहा वर्षांत आठ लाखांची किंमत राखायला पावणेअकरा लाखांच्या आसपास आकडा लागतो. नोकरदाराचा पगार महागाई भत्त्याने वाढत राहतो. महागाई भत्ता म्हणजे खरी वाढ नव्हे, किराणा महागला त्याची ती भरपाई. पण त्याच भरपाईने माणूस रेषेपार जातो. मोठ्या मुलीला सवलत मिळाली आणि दोन वर्षांनी धाकट्याला नाही, घरात एक नवी वस्तू आलेली नसताना, असं मी कितीदा पाहिलं असेल.

एकाच आठ लाखांचे तीन अर्थ

सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

खिडकीशी एकदा पती-पत्नी आले. दोघेही नोकरीत, वर्ग तीनचे कर्मचारी, मिळून पगार बारा लाखांच्या वर. मुलगा ओबीसी. हातात नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे ओबीसींतल्या सुस्थितीतल्या थरात मोडत नसल्याचा, दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. "तहसीलदारांनीच दिलंय की आम्ही आठ लाखांच्या आत आहोत. मग फी का नाही?" दाखला खरा होता, आणि फी न मिळणंही बरोबर होतं. समजावताना मला घाम फुटला.

नॉन-क्रिमीलेअर ठरवताना जे आठ लाख बघतात, त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. १९९३ च्या केंद्राच्या नियमांपासून हे असंच आहे. धंदा, भाडं, व्याज असलं 'इतर' उत्पन्न सलग तीन वर्षं बघायचं. पालक वरच्या पदावरचे अधिकारी असतील तर त्यांना पदावरूनच बाहेर काढतात, पगारावरून नाही. म्हणून बारा लाख पगाराचं हे जोडपं तिथे 'आत' होतं, आणि आरक्षणाची जागा त्यांच्या मुलाची हक्काची होती.

ईडब्ल्यूएसचे आठ लाख दुसरेच. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीतून ते आले. त्यात पगार, शेती, धंदा सगळं धरतात, आणि केंद्राच्या दाखल्याला मालमत्ताही बघतात: पाच एकर शेतजमीन किंवा हजार चौरस फुटांचा फ्लॅट असला की उत्पन्न कितीही कमी असो, बाहेर.

फी-सवलतीचे आठ लाख तिसरे. इथे आईवडिलांचं सगळ्या मार्गांचं मिळून उत्पन्न, पगार आणि शेतीसकट, पण मालमत्ता नाही. गावात कोट्यवधींची जमीन पडीक असेल तर तिला कोणी विचारत नाही. भाड्याच्या खोलीत राहून दोघंही नोकरी करत असाल तर दोघांचा पैसा न् पैसा मोजला जातो.

आकडा एकच छापलेला, तराजू तीन. शेराने मापलेलं दूध आणि शेराने मापलेलं धान्य एक नसतं हे आपल्या आजीला कळायचं, शासन निर्णयाला ते एका ओळीत सांगणं का जमू नये, देव जाणे.

"त्याच्याकडे गाडी आहे, तरी त्याला मिळते!"

हा आक्षेप फोनवर दर तिसरा माणूस घेतो, आणि त्यात तथ्य आहे.

नोकरदाराचं उत्पन्न काचेच्या बरणीत असतं. फॉर्म १६ आहे, पगारपत्रक आहे, पॅन आहे. शेतकऱ्याचं उत्पन्न तलाठी सातबारा आणि आठ-अ बघून अंदाजाने मांडतो. दुकानदाराचं तो स्वतः जितकं सांगेल आणि विवरणपत्रात जितकं असेल तितकं. त्यामुळे बँकेतला शिपाई रेषेबाहेर आणि बाजारपेठेतला कापड दुकानदार रेषेच्या आत, हे दृश्य दरवर्षीचं. व्यवस्थेला गरज दिसत नाही, तिला फक्त कागदावर उतरलेलं उत्पन्न दिसतं.

पण यावरून कोणी "मग आपणही जरा कमी दाखवू" म्हणालं की मी फोनवरच थांबवतो. उत्पन्नाच्या दाखल्यासोबत तुम्ही स्वयंघोषणापत्र सही करून देता. ते खोटं निघालं तर सवलत वसूल होते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. पोराच्या चौथ्या वर्षाला, प्लेसमेंटच्या तोंडावर हे उघडं पडावं इतकं वाईट काही नाही. दुसरी बाजूही सांगतो: घाबरून जास्त उत्पन्न लिहिणारेही भेटतात. वडील गेल्या वर्षी निवृत्त झाले तर जुना पगार लिहू नका. दाखला ज्या आर्थिक वर्षाचा मागितलाय त्याच वर्षाचं लिहा.

आठ लाखांच्या आत, तरीही नाही

उत्पन्न चार लाख आणि अर्ज नामंजूर, हेही होतं. कारण उत्पन्न ही पहिली चाळणी नाहीच. पहिली चाळणी आहे तुम्ही कॉलेजात कोणत्या दाराने शिरलात ती.

राज्य सीईटी कक्ष जी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया चालवतो, जिला सगळे 'कॅप' म्हणतात, तिच्या फेऱ्यांतून प्रवेश मिळाला तर या सवलती लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही, मग घरात चूल पेटत नसली तरी नाही. होतं काय, की फेरीत मनासारखी शाखा मिळत नाही, कॉलेजवाला म्हणतो "आमच्याकडे थेट घ्या, कॉम्प्युटरला देतो", आणि पालक हो म्हणतात. फीचा आकडा विचारतात, पण सवलत गेली हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. चार वर्षांची निम्मी फी त्या पाच मिनिटांत जाते. हा नकार अर्ज भरण्याआधीच लिहिला गेलेला असतो, म्हणून मला सगळ्यात जास्त तोच टोचतो.

बाकीच्या अटी थोडक्यात. महाराष्ट्राचा अधिवास हवा. शाहू महाराज योजना कुटुंबातल्या दोनच मुलांना आहे. त्याच वर्षी दुसरी शिष्यवृत्ती घेतलेली नको. अभ्यासक्रमात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नको. आणि पुढच्या वर्षांना किमान हजेरी लागते. नापास झाल्यावर काय, हे योजनेगणिक बदलतं. ते कॉलेजच्या लिपिकालाच विचारा.

कागदाने केलेला नकार

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, मग खात्याच्या. वाटेत दोन शेरे येऊ शकतात, आणि त्यांतला फरक माहीत असणं फार मोलाचं. 'सेंड बॅक' म्हणजे परत पाठवला: दुरुस्त करा, पुन्हा भरा. 'रिजेक्टेड' म्हणजे नामंजूर. निम्मी मुलं 'सेंड बॅक' बघूनच हाय खातात आणि पुन्हा पोर्टल उघडतच नाहीत. मुदत टळते, आणि परतीचा अर्ज आपोआप मेलेला अर्ज होतो.

कारणं बहुतेक क्षुल्लक. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा. सेतूवरून काढलेला दाखला आईच्या नावाचा, अर्जात वडिलांचं नाव. स्कॅन इतका पुसट की बारकोड उमटतच नाही. कॅपच्या अर्जावर 'सुर्यवंशी', आधारवर 'सूर्यवंशी'.

माझ्या भाचीचं तर अर्ज मंजूर होऊनही अडलं. पोर्टल म्हणत होतं पैसे जमा, बँक म्हणत होती आलेच नाहीत. पासबुक भरून आणलं, मॅनेजरला भेटलो, काही नाही. तीन आठवड्यांनी कळलं की वर्षभरापूर्वी मोबाइलच्या दुकानात सिम घेताना तिने अंगठा दिला होता आणि दुकानदाराने त्यावर एक पेमेंट्स बँकेचं खातं उघडून टाकलं होतं. थेट लाभाचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला सगळ्यात शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात. पैसे मुकाट तिथे पडून होते. भाचीने ते ज्या दिवशी काढले त्या दिवशी आम्ही दोघांनी त्याच दुकानाशेजारी उभं राहून ऊसाचा रस प्यायला.

या प्रकारचा नकार परिस्थितीवरचा निकाल नसतो. लिपिकाच्या टेबलावर जा, नेमकं कोणतं कागदपत्र आणि का, एवढंच विचारा, शेरा लिहून घ्या. आणि अर्जाची छापील प्रत जवळ ठेवा. पोर्टल बंद असतं तेव्हा तीच कामी येते.

कर्ज, आजारपण का धरत नाहीत?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर सरकारच्या बाजूने थोडं, तुमच्या बाजूने थोडं आहे.

अमेरिकेत ज्यांची मुलं पदवीला आहेत त्या पालकांना एफएएफएसए नावाचा लांबलचक फॉर्म माहीत असेल. त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न, बचत, कुटुंबातली माणसं असं सगळं घालून एक निर्देशांक काढतात, आणि मदत त्या प्रमाणात कमी-जास्त होते. मध्येच नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, तर कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला पुरावे बघून आकडा बदलायचा अधिकार असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मित्राच्या मुलीला पहिला नकार आला, त्याने नोकरी गेल्याचं पत्र जोडून फेरविचार मागितला आणि थोडी मदत मिळाली. म्हणजे तिथल्या नकारानंतर बोलणं सुरू होतं, आपल्याकडच्या नकारानंतर संपतं.

मग आपण तसं का करत नाही? लाखो अर्ज, आणि प्रत्येक ठिकाणी एक माणूस 'परिस्थिती' बघून ठरवणार. त्या माणसाच्या टेबलाखालून काय सरकवलं जाईल हे सांगायला मी लागत नाही. आंधळ्या रेषेचा एवढा एक गुण आहे की तिला डोळा मारता येत नाही. मला स्वतःला वाटतं की अधिकाऱ्याला मोकळीक न देताही पायऱ्या करता येतील: सहा लाखांपर्यंत पूर्ण, आठपर्यंत निम्मी, दहापर्यंत पाव. त्याला कुणाची मर्जी लागत नाही, फक्त कोष्टक लागतं.

नकार पक्का असेल तर

अजून प्रवेश व्हायचा असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, बघा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमानुसार तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत पाच टक्के जास्तीच्या जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ. मुलगा-मुलगी, जात, काही बघत नाहीत. मात्र उत्पन्न आठ लाखांच्या आतच हवं, कटऑफ खुल्या जागेपेक्षा चढा असतो, आणि पसंतीक्रमात त्यांचा चॉइस कोड वेगळा भरावा लागतो. तोच भरायचा राहतो, आणि मग ९८ पर्सेंटाइलचं पोर पूर्ण फी भरतं.

फी सुटली पण राहण्या-जेवणाचं अडलं असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी खास. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार. फीचा अर्ज फेटाळला म्हणून हेही फेटाळले असं नसतं, अर्ज वेगळे आहेत.

आणि शेवटी कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली: निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी. शिकत असेपर्यंतच्या व्याजात दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के सवलतही आहे, पण ती कोणाला? घराचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांना. तिथेही वेशीवर तोच आकडा उभा. त्यापलीकडच्यांना कर्ज मिळतं, व्याज मात्र पूर्ण. जुन्या करप्रणालीत असाल तर कलम ८०-ई खाली ते व्याज आठ वर्षं उत्पन्नातून वजा करता येतं. नव्या प्रणालीत नाही.

परवाच एका वडिलांचा फोन होता. उत्पन्न आठ लाख चार हजार. मी हे सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दिवाळीचा बोनस घेतला नसता तर?" मी म्हटलं, घेतला नसता तर आत असता. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बोनसमधून याच पोराची क्लासची फी भरली होती."